थंडीत सायकल चालवताना अंगावर काय घालावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की आमच्या सायकल ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरायला लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुणे, नाशिक, सातारा, नगर, संभाजीनगर, नागपूर अशा घाटमाथ्यावरच्या आणि पठारावरच्या गावांतून पहाटे पाच-साडेपाचला जे घराबाहेर पडतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले युरोपातले असतात. तिथे सकाळी ५ अंश आणि दुपारी ७. आपल्याकडे सकाळी ९ आणि दुपारी २९! त्यामुळे आपला प्रश्न ऊब कशी मिळवायची एवढाच नाही. मिळवलेली ऊब आठ वाजता अंगावरून उतरवून ठेवायची कुठे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

पुण्या-नाशिकला अशी कितीशी थंडी असते? खरंच वेगळे कपडे लागतात का?

पायी फिरायला जाणाऱ्याला स्वेटर पुरतो. सायकलवाला मात्र स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. हवा अगदी स्तब्ध असली तरी ताशी २५ किलोमीटरने चाललात की तेवढा वारा समोरून अंगावर येतोच. हवामानखाती वाऱ्यातला गारठा ज्या सूत्राने मोजतात, त्यानुसार १० अंशांची हवा २५ च्या वेगाला साधारण ७ अंशांसारखी लागते. उतारावर ४० चा वेग धरला की ६ सारखी. मूळ तापमान ५ असेल तर त्याच ४० च्या वेगाला शून्याच्या खाली.

आणि थंडी आपल्याकडे पडतेच. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांपर्यंत पारा उतरला होता. ते टोक सोडा, पण दरवर्षी काही पहाटा एक आकडी असतातच. एकाच शहरातही फरक असतो. पाषाण, शिवाजीनगरला ९ असताना मगरपट्टा किंवा लोहगावकडे चार-पाच अंश जास्त दिसतात. निफाडची तर गोष्टच निराळी. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, त्या गावच्या रस्त्यावर तुम्ही हाफ जर्सी घालून जाणार आहात का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

निघताना ठीक वाटतं, पण तासाभराने जास्त गार वाटतं. असं का?

कारण तेव्हा खरंच जास्त गार झालेलं असतं. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असतं. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे साडेपाचला निघालात तर पुढचा दीड तास पारा उतरतच असतो. शिवाय थंड हवा जड, ती खोलगट भागात साचते. नदीवरचा पूल, कॅनॉलकाठचा रस्ता, ऊस उभा असलेला सखल पट्टा, इथे गारव्याची लाट अंगावर आल्यासारखी लागते आणि पुढचा छोटा चढ चढलं की पुन्हा बरं वाटतं. निघताना गॅलरीतून हात बाहेर काढून अंदाज घेणाऱ्यांनी त्यातून दोन अंश वजा करावेत.

मग एकच चांगलं जाड जॅकेट घेतलं की काम झालं ना?

नाही. पहिल्या थंडीत सगळेजण नेमकं हेच करतात.

सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा जाळतं, त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोहोचते. बाकीची सगळी उष्णता. तुम्ही १५० वॅटने पॅडल मारत असाल तर साधारण ५०० वॅट उष्णता अंगातून बाहेर पडत असते. पोटाशी छोटी इलेक्ट्रिक शेगडी बांधली आहे असं समजा. त्यावर जाड जॅकेट चढवलं की वीस मिनिटांत आतला कपडा भिजतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे पुढच्या उतारावर किंवा चहाला थांबल्यावर तीच ओली बनियन तुम्हाला गारठवते. थंडीत कुडकुडणारे बरेचजण कमी कपड्यांनी कुडकुडत नसतात, घामाने कुडकुडत असतात.

घराच्या गेटातून निघताना थोडं गार वाटायलाच हवं. पहिल्या दहा मिनिटांतच ‘वा, मस्त उबदार’ वाटलं तर एक कपडा जास्त झालाय.

थर थर म्हणतात, ते नेमके किती आणि कोणते?

तीन, पण तिन्ही पातळ. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर ढकलणारा आणि अंगाला चिकटून बसणारा. सैल असला तर तो काहीच ढकलत नाही. त्यावर नेहमीची जर्सी, पूर्ण बाह्यांची किंवा अर्ध्या बाह्यांच्या जर्सीला आर्म वॉर्मर, म्हणजे सुट्या बाह्या. सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी, म्हणजे विंडचीटर किंवा बिनबाह्यांचं जाकीट.

माझं मत विचाराल तर आपल्या थंडीत सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे आर्म वॉर्मर. चालत्या सायकलवर मनगटापर्यंत खाली सरकवता येतात, गार लागलं की परत वर. सूर्य वर आला की काढून मागच्या खिशात. पूर्ण बाह्यांची जाड जर्सी साडेआठनंतर तुमच्या अंगावरच राहणार, ती काढून ठेवायला जागा नाही.

कॉटनची बनियन किंवा टी-शर्ट चालेल का?

चार-पाच किलोमीटरवर दूध आणायला, क्लासला, भाजीला जाताना खुशाल चालेल. लांबच्या राइडला नको. कापसाचा धागा पाणी धरून ठेवतो. नुसत्या हवेतल्या दमटपणातूनच तो स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. घामाने भिजल्यावर तर फरक आणखी वाढतो. कॉटन पाठीला चिकटून बसतं आणि दहा वाजेपर्यंत वाळत नाही. जिमसाठी घेतलेला साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट, अंगासरशी असेल तर, आतल्या थराचं काम उत्तम करतो. त्यासाठी ब्रँडचा बेस लेयर घ्यायलाच हवा असं नाही.

मेरिनो लोकर घ्यावी का? आणि घरी विणलेलं स्वेटर?

लोकर कापसाहून दुप्पट ओलावा पिते, तरीही गार लागत नाही. ओलावा धाग्याच्या आत जातो आणि कुरळ्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, म्हणून. शिवाय तिला वास लवकर येत नाही. दोन दिवसांच्या राइडला एकच मेरिनो बनियन घालून गेलेला माणूस तिसऱ्या माणसाला सहन होतो, पॉलिस्टरवाला होत नाही. पण मेरिनो महाग असते, हळू वाळते आणि पातळ लोकरीला कसर लागते. रोजच्या दीड-दोन तासांसाठी पॉलिस्टर पुरे. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) आणि हिमालय असेल तर मेरिनोचा विचार करा.

आईने विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो. विंडचीटरच्या आत, सावकाश राइडला, तो छान काम करतो. फक्त तो काढल्यावर कुठे ठेवणार ते आधी ठरवा, कारण जर्सीच्या खिशात तो मावत नाही.

किती तापमानाला काय घालायचं, एकदा सांगून टाका.

माणसागणिक हे बदलतं. बारीक अंगाच्या माणसाला जास्त लागतं, ग्रुपमध्ये मागे लपून चालणाऱ्याला पुढे वारा खाणाऱ्यापेक्षा कमी. तरी अंदाज असा:

१८ ते २० अंश: नेहमीचेच कपडे. फार तर आर्म वॉर्मर.

१४ ते १७: आत पातळ बेस लेयर, आर्म वॉर्मर, खिशात बिनबाह्यांचं जाकीट. गुडघे झाकले तर बरं.

१० ते १३: वरचं सगळं, शिवाय पूर्ण बोटांचे पातळ ग्लोव्ह्ज, नी वॉर्मर, कानावर बफ (गळा-कान झाकणारी पातळ कापडी नळी). विंडचीटर पहिल्या तासाला अंगावर.

६ ते ९: पूर्ण बाह्यांचा बेस लेयर, विंडचीटर, पूर्ण पाय झाकणारे लेग वॉर्मर किंवा टाइट, बुटांवर टो कव्हर, हेल्मेटखाली पातळ टोपी.

५ किंवा खाली: सात वाजता निघा. ब्रेव्हे किंवा शर्यत नसेल तर पाचला निघण्याची सक्ती तुम्हाला कोणी केलेली नाही.

विंडचीटर घेताना काय पाहू? पावसाळ्यातला रेनकोट चालेल का?

रेनकोट वारा अडवतो आणि घामही अडवतो. अर्ध्या तासात आतून पाणी निथळतं. घाट उतरण्यापुरता चालेल, चढावर नको.

दुकानात विंडचीटर घालून आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. सायकलवर बसल्यासारखे पुढे वाका, हात हँडलवर धरल्यासारखे लांब करा. मग तीन गोष्टी बघा. बाही मनगटाच्या वर सरकते का? पाठीची कड कमरेच्या वर जाते का? आणि छातीवर कापड फुगतं का? फुगणारं जॅकेट उतारावर शिडासारखं फडफडतं, आवाजाने डोकं उठतं आणि वेगही खातं. चेनचा नॉब ग्लोव्ह्ज घालून एका हाताने पकडता यायला हवा, कारण ती चेन तुम्ही राइडभर वरखाली करणार आहात. शेवटी गुंडाळून ते जर्सीच्या खिशात घालून बघा. मुठीएवढं होत नसेल तर ते मोटरसायकलवाल्यांसाठी ठेवा.

पाठीवर जाळीची पट्टी असेल तर उत्तम. वारा समोरून येतो, घाम पाठीवर येतो.

घाट चढताना घामाघूम होतो आणि उतरताना दात वाजतात. काय करायचं?

थंडीतल्या सायकलिंगचा सगळ्यात अवघड भाग हाच. चढावर वेग ८ ते १०, म्हणजे वारा जवळजवळ नाही आणि अंगातली शेगडी पूर्ण पेटलेली. माथा ओलांडला की दोन मिनिटांत उलटं: वेग ४५-५०, पॅडल बंद, शेगडी विझलेली, आणि अंगावर घामाने ओला कपडा. त्यात ब्रेक दाबायला बोटं चालायला हवीत.

म्हणून चढ सुरू होण्याआधीच कपडे कमी करा, घाम फुटल्यावर नव्हे. पसरणीचा घाट घ्या. वाईत पहाटे कृष्णाकाठी चांगलंच गारठलेलं असतं, पण घाट लागण्याआधी विंडचीटर काढा, जर्सीची चेन पोटापर्यंत उघडा, ग्लोव्ह्ज खिशात टाका. पाचगणी टेबल लँड दिसायला लागली की दमायला झालेलं असतं, तेव्हा फोटोसाठी थांबण्याआधी विंडचीटर घाला. उबदार अंगावर घातलेलं जॅकेट ऊब टिकवतं. गार पडलेल्या अंगावर घातलेलं फक्त गारठा टिकवतं.

उंचीमागे तापमान दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी घटतं हे बरोबर, पण हिवाळ्यातल्या शांत पहाटे हे गणित आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. महाबळेश्वरच्या वेधशाळेत १३ अंश असताना खाली पुण्यात ९ असतात. आणि त्याच महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या खोलगट काठावर, गाड्यांच्या टपांवर नि स्ट्रॉबेरीच्या पानांवर, दवाचे हिमकण झाल्याचे फोटो पेपरात येतात. त्यामुळे ‘वर जास्त थंड’ असं धरून चालू नका, वाटेतला सखल भाग बघून ठरवा. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणार असाल तर खाली कोकणाची उबदार, दमट हवा आहे. तिथे तुमचे थर्मल तुम्हाला शिव्या देतील.

उतारावर काय होऊ शकतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इटलीतलं आहे. ५ जून १९८८, जिरो दि’इतालिया ही तिथली मोठी सायकल शर्यत, गाव्हिया खिंड, उंची २,६०० मीटरहून जास्त, वर बर्फ पडत होता. डच सायकलपटू योहान व्हान डर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोहोचला. आणि उतारावर इतका गारठला की थांबून ऊब घ्यावी लागली; शेवटी तो तब्बल पाऊण तास मागे पडला. अमेरिकन अँडी हॅम्पस्टनच्या संघाने त्या दिवशी सकाळीच स्कीइंगचे गरम कपडे विकत घेऊन ठेवले होते. त्याने त्या दिवशी एकूण आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी मिळवली आणि पुढे ती शर्यतही जिंकली. जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन.

विंडचीटर विसरलात तर? माथ्यावरच्या टपरीवर जुना पेपर मागा आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवा. युरोपातले व्यावसायिक सायकलपटूही वर्षानुवर्षं हेच करत आले. मराठी पेपर तितकाच चालतो. रविवारची पुरवणी जास्त जाड.

गुडघे झाकायलाच हवेत का? मला पायांना थंडी वाजत नाही.

मांड्यांना वाजत नाही, कारण तिथे मोठे स्नायू काम करत असतात. गुडघ्यावर ना स्नायू ना चरबी, नुसती कातडी आणि खाली सांधा, आणि वारा थेट तिथेच आपटतो. थंडीत हाफ शॉर्ट्सवर फिरून दिवसभर ‘गुडघा धरलाय’ म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. १५-१६ अंशांखाली नी वॉर्मर घाला. ते मांडीवरून घसरत असतील तर शॉर्ट्सच्या पट्टीच्या आत खोचा, बाहेर नको.

हाताची बोटं बधिर होतात. जाड ग्लोव्ह्ज घेऊ का?

आधी कोणती बोटं बधिर होतात ते बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढीच बधिर होत असतील, आणि उन्हाळ्यातही होत असतील, तर तो थंडीचा प्रश्न नाही. तळव्याच्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते आहे. तिथे ऊब नको, हँडलची उंची, टेप आणि हाताची जागा बदलायला हवी.

सगळीच बोटं गारठत असतील तर वारा न शिरणारे, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज घ्या, पण ब्रेक आणि गिअर चालवता येतील इतपतच जाड. मोटरसायकलचे फुगीर ग्लोव्ह्ज घालून गिअर टाकून बघा, काय म्हणतोय ते कळेल. आणि एक: छाती-पोट गारठलं की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. त्यामुळे बऱ्याचदा बोटांचा इलाज ग्लोव्ह्जमध्ये नसतो, जाकिटात असतो.

बोटं पांढरीफटक, मग निळसर होत असतील आणि घरात आल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

पायाच्या बोटांचं काय? दोन मोजे घालू?

सायकलचे बूट बहुधा जाळीचे असतात, उन्हाळ्यासाठी बनवलेले. दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. त्यापेक्षा बुटाच्या टोकावर चढवायचं टो कव्हर घ्या. ते नसेल तर मोज्यावर, फक्त बोटांपुरती, किराण्याची पातळ पिशवी चढवून बूट घाला. दिसत नाही, फुकट आहे आणि वारा पक्का अडतो. घाम साचतो म्हणून ऊन पडल्यावर काढून टाका. रस्त्यावर नव्हे, खिशात.

हेल्मेटखाली कानटोपी घातली तर? माकडटोपी?

जाड कानटोपीने हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टे सैल बसतात. पडलात तर त्या हेल्मेटचा उपयोग नाही. पातळ, शिवण नसलेली टोपी किंवा बफ कानांवरून ओढून घ्या. माकडटोपी उबेला एक नंबर, पण तिच्यातून मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही आणि मान वळवली की डोळ्यांसमोर लोकर येते.

मफलर, ओढणी, शाल: लोंबणारं काहीही नको. टोक चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गळ्याशीच येतं, अगदी शब्दशः. घालायचंच तर दोन्ही टोकं जॅकेटच्या आत.

थंड हवेने छाती भरते, खोकला येतो.

बफ नाकातोंडावर घ्या, श्वास थोडा ओलसर आणि उबदार होऊन आत जातो. पहिली पंधरा मिनिटं सावकाश चालवा. दमा असेल तर इन्हेलर सॅडल बॅगेत नको, अंगालगतच्या खिशात ठेवा, आणि राइडआधी तो घ्यायचा का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. शेकोट्या आणि कचरा जाळणाऱ्यांचा धूर थंड पहाटे रस्त्यालगत तरंगत राहतो. त्यावर कोणताच कपडा उपाय नाही, रस्ता बदला.

बायकांसाठी वेगळं काही?

दोन गोष्टी, ज्यांवर ग्रुपवर कोणी बोलत नाही. पहिली, स्पोर्ट्स ब्रा. बाहेरून सगळं पॉलिस्टर घेतलं आणि आत कॉटनची ब्रा असेल तर छातीवर तो ओला पट्टा दुपारपर्यंत तसाच. आतला पहिला थर तोच आहे हे लक्षात ठेवून घ्या.

दुसरी, थंडीत लघवीला जास्त लागते आणि खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स घातली की प्रत्येक वेळी जॅकेट, जर्सी सगळं उतरवायचं. पेट्रोल पंपाच्या त्या गार बाथरूममध्ये. मागून खाली ओढता येणारी किंवा हुक असलेली बायकांची बिब मिळते. नाहीतर बिनपट्ट्याची साधी शॉर्ट्स आणि वर लांब बेस लेयर हे सोपं. लघवीला लागू नये म्हणून पाणीच कमी पिणं, हा उपाय मात्र अजिबात नको. थंडीत तहान लागत नाही तरी घाम जातच असतो.

रात्रीची बीआरएम आहे. सामान किती घेऊ?

बीआरएम म्हणजे वर म्हटलेली ब्रेव्हेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, त्यामुळे पहाट आणि संध्याकाळ सोडली तर बाकी उन्हातच. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे या तिन्हींत रात्र आहेच, आणि डिसेंबर-जानेवारीत ती लांब असते.

रात्री दोननंतर थंडी वाढते त्याहून जास्त ती वाटायला लागते. पाय थकलेले, वेग कमी, पोट रिकामं, झोप आलेली, म्हणजे अंगातली उष्णताच घटलेली. १२ अंशांना हे कपडे पुरतील असं दुपारी वाटलं होतं, तेच पहाटे चारला १२ अंशांनाच पुरत नाहीत. एक थर हिशोबापेक्षा जास्त ठेवा. दिवसा वापरलेला बेस लेयर संध्याकाळी बदला: कोरडी बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. वजन शंभर-दीडशे ग्रॅम, पण कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी) थांबून ती घातली की रात्र निम्मी झाल्यासारखं वाटतं. सोबत कोरडे मोजे. आणि चकचकीत फॉइलचं इमर्जन्सी ब्लँकेट, पन्नास-साठ ग्रॅमचं. पंक्चर काढताना किंवा ढाब्याच्या बाकावर वीस मिनिटं डोळा लावताना ते अंगाभोवती गुंडाळायचं.

शेकोटीजवळ फार वेळ बसू नका. उठवत नाही. आणि पॉलिस्टरचं विंडचीटर ठिणगीने भोक पडून येतं.

काळं जॅकेट मळत नाही. चालेल ना?

मळलेलं जॅकेट धुता येतं. पहाटेच्या धुक्यात काळा सायकलवाला दिसत नाही, आणि थंडी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. सातारा, कोल्हापूर, बारामती, नगर कुठेही जा, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात चालू असतात, अनेकांना मागे लाल दिवा नसतो, आणि त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या तुमच्या अंगावर येतात. बीआरएममध्ये रात्री रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं आहे. रोजच्या राइडलाही घाला. सोबत घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधा. वरखाली होणारा घोटा चालकाच्या नजरेत लवकर भरतो आणि हा सायकलवाला आहे हेही त्याला लगेच कळतं. विंडचीटरवर सॅक घेत असाल तर पाठीवरची पट्टी झाकली जाते, तेव्हा सॅकवरही काहीतरी चमकणारं लावा.

ऑफिसला सायकलने जातो. तिथे पोहोचल्यावर घामाचा वास?

अर्ध्या तासाच्या अंतराला शर्टावर नुसतं विंडचीटर पुरतं, पण शेवटची दोन किलोमीटर चेन उघडून, सावकाश. शक्य असेल तर शर्ट सॅकमध्ये घडी करून न्या. सॅकखाली पाठ थंडीतही भिजते, म्हणून कॅरिअरला पिशवी लावणं केव्हाही चांगलं. पायघोळ पँट असेल तर उजव्या पायाला क्लिप.

मुलगी सकाळच्या शाळेला सायकलने जाते.

स्वेटरवर पातळ विंडचीटर, बोटांचे साधे हातमोजे, बफ. स्कार्फची टोकं आत. घसरणारे लोकरीचे हातमोजे नकोत, ब्रेकवरून बोट सटकतं.

मनाली–लेह करायचंय, जुलैमध्ये. तिथे तर खरी थंडी?

तिथे ऊन आणि थंडी दोन्ही एकाच वेळी असतात. वाटेतली ‘तांगलांग ला’ ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. सावलीत बोटं आखडतात आणि उन्हात कातडी भाजते. त्यामुळे थरांचा नियम तोच, फक्त वर एक पातळ डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट वाढवा. ते चालवताना घालायचं नाही, खिंडीत थांबल्यावर आणि सरचूसारख्या मुक्कामाला घालायचं. ओलं झालं तर डाऊन कामाचं राहत नाही, म्हणून ते पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. रस्त्यावरून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळी उथळ आणि दुपारी खोल असतात. ओलांडताना बूट-मोजे काढून सँडल घाला. ओले बूट तिथे दुसऱ्या दिवशीही ओलेच असतात.

मुंबई, कोकण, गोवा?

आर्म वॉर्मर आणि हौस.

मी जर्मनीत असतो, इथे उणे ५ असतं. हे लागू होतं का?

थर आणि घामाचा भाग लागू. बाकी तिथे पूर्ण बूट झाकणारी ओव्हरशूज, दोन-दोन बोटं एकत्र ठेवणारे ग्लोव्ह्ज आणि मडगार्ड हवेत. ओल्या रस्त्याचं पाणी पाठीवर उडालं की बाकी सगळं व्यर्थ. आणि दुपारी काही काढावं लागत नाही, ही तुमची सोय.

बजेट कमी आहे. आधी काय घेऊ?

या क्रमाने: रिफ्लेक्टिव्ह जाकीट, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, बफ, आर्म वॉर्मर, विंडचीटर, नी वॉर्मर. बेस लेयरच्या जागी जिमचा टी-शर्ट आहेच. जुन्या फुटबॉलच्या मोज्यांचे पंजे कापले की आर्म वॉर्मर तयार होतात, दिसायला गमतीदार दिसतात एवढंच. थर्मल पँट, महागडी हिवाळी जर्सी वगैरे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे ती वर्षातून फार तर महिनाभर कपाटाबाहेर येते.

हे कपडे धुवायचे कसे?

राइडहून आल्या आल्या, गार पाण्यात, थोड्या साबणाने. कपडे मऊ आणि सुवासिक करणारी कंडिशनरं टाळा, ती धाग्यांवर थर धरतात आणि मग कपडा घाम खेचत नाही. मेरिनोला लोकरीचं डिटर्जंट, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. आर्म वॉर्मर आणि शॉर्ट्सच्या आतल्या रबरी पट्ट्या उन्हात आणि इस्त्रीने सैल पडतात. विंडचीटर प्रत्येक वेळी धुवायची गरज नाही, उलटं करून रात्रभर दोरीवर टांगा. मार्चमध्ये कपाटात टाकताना खिसे उघडून बघा. मागच्या हंगामातली चिक्की तिथे हमखास सापडते, आणि मुंग्या तुमच्या आधी पोहोचलेल्या असतात.